तीन मण्यांची साखर

स्क्रीनवर गुठळी दिसली तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते, म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या एक गिरकी घेतलेली कुणी पाहिली नाही. डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजची साखळी; अशा आठ साखळ्या, प्रत्येकीत वीस ग्लुकोज. आदल्या संध्याकाळी संगणकातल्या पाण्याच्या डब्यात सुट्या सुट्या सोडून गेले होते आणि सकाळी आठच्या आठ एकमेकींना बिलगून बसलेल्या. नाचणीचं पीठ नीट न ढवळता पाण्यात टाकल्यावर जसा गोळा होतो, अगदी तसा. फेब्रुवारी २०२० होता. पीएच.डी.चं पहिलं वर्ष नुसत्या चुका करण्यात गेलं होतं आणि आता पहिल्यांदा 'काहीतरी' दिसलं होतं.

हे डेक्स्ट्रान माझ्या डोक्यात आलं घरातून. आमचे अण्णा साखर कारखान्यात पॅनमन. उसाचा रस गाळून, आटवून घट्ट झाला की तो निर्वात पॅनमध्ये येतो आणि तिथे त्याचा दाणा धरवायचा, वाढवायचा, हे पॅनमनचं काम. यंत्रं, मीटर सगळं असतं; तरी अण्णा प्रूफ स्टिकनं नमुना काढून काचेवर पसरून उजेडात बघतात आणि अंगठा नि तर्जनीमध्ये पाक धरून तार किती निघते ते पाहतात. आई लाडवांचा एकतारी पाक बघते तसंच. लहानपणी मला वाटायचं दोघांची नोकरी एकच आहे.

ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. कापलेल्या, पिचलेल्या टोकातून ल्युकोनॉस्टॉक नावाचा जिवाणू शिरतो. त्याच्याकडचं एक विकर सुक्रोजचा रेणू फोडतं, त्यातलं ग्लुकोज एकामागे एक जोडत लांबच लांब साखळी विणतं आणि फ्रुक्टोज बाजूला टाकून देतं. ती साखळी म्हणजे डेक्स्ट्रान. ते रसात आलं की रस चिकट होतो, गाळायला वेळ लागतो, पॅनमध्ये उकळी मंदावते आणि साखरेचा दाणा चौकोनी व्हायच्या ऐवजी लांबट होतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडचा बराच ऊस पाण्याखाली गेला होता. त्या हंगामात अण्णा रोज फोनवर रसाला शिव्या देत. मी पुण्यात बसून रेणूंचं सिम्युलेशन शिकत होते. विषय आपोआप ठरला असं सरांना सांगितलं. खरं तर मी तो ओढून आणला होता.

सिम्युलेशन म्हणजे प्रत्येक अणूवर किती बल लागतंय ते काढायचं, त्याला किंचित पुढे सरकवायचं, पुन्हा बल काढायचं, पुन्हा सरकवायचं. हे 'किंचित' साधारण दोन फेम्टोसेकंदांचं असतं. एका नॅनोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागासाठी, पाच लाख वेळा हाच उद्योग. दहा नॅनोमीटर बाजूचा पाण्याचा घन घेतला तर त्यात तेहेतीस हजारांच्या वर पाण्याचे रेणू मावतात, म्हणजे एक लाख अणू, आणि त्यातल्या बहुतेकांशी आपलं काही देणंघेणं नसतं. साखळ्या एकमेकींना भेटायला, वळायला, सुटायला मायक्रोसेकंद घेतात. आमच्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यावर, माझ्या वाट्याला येणारा वेळ बघता असं एक सिम्युलेशन माझ्या फेलोशिपच्या पुढे गेलं असतं.

म्हणून भरड मॉडेल. 'कोर्स-ग्रेन्ड' या इंग्रजी शब्दाला मी मनात कायम हाच शब्द वापरत आले, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा आवडतो. बारीक पिठाची गरज नाही तिथे भरडा चालतो. चार-चार जड अणूंचा एक मणी करायचा, हायड्रोजन मोजायचेच नाहीत, आणि मण्यांमध्ये बलं लावायची. कल्पना जुनी आहे. लेव्हिट आणि वॉर्शेल यांनी १९७५ साली प्रथिनाच्या घडीसाठी असंच काहीसं केलं होतं. मी निवडलेलं मॉडेल मार्टिनी. ते नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात जन्मलं आणि गावातल्या मार्टिनी टॉवरवरून त्याचं नाव पडलं. आधी ते पेशींभोवतीच्या चरबीच्या पडद्यांसाठी होतं, मग प्रथिनं आली, २००९ साली शर्करा आल्या. त्याच ग्रोनिंगेनला लागून बीटापासून साखर काढणारा कारखाना आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं, तेव्हा मी ते अण्णांना मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांचा हंगाम कधी असतो?" मॉडेलबद्दल काही विचारलं नाही.

मार्टिनीत पाण्याचे चार रेणू मिळून एक मणी. एक लाख अणूंच्या जागी आठ-साडेआठ हजार मणी उरतात. बलं गुळगुळीत झाल्यामुळे पाऊल वीस फेम्टोसेकंदांचं टाकता येतं. जी गोष्ट महिने खाते ती रात्रीत होते. ग्लुकोजमध्ये चोवीस अणू; सहा कार्बन, सहा ऑक्सिजन, बाकी हायड्रोजन. बारा जड अणूंचे तीन मणी. तीन मण्यांचा त्रिकोण म्हणजे ग्लुकोज.

हे लिहायला दोन ओळी लागल्या, पण त्या त्रिकोणाशी माझं भांडण तीन वर्षं चाललं. साखरेच्या रेणूचं सगळं व्यक्तिमत्त्व त्याच्या हायड्रॉक्सिल गटांच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांच्या, दिशांमध्ये असतं. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत फरक काय, तर चौथ्या कार्बनवरचा गट एकात वलयाच्या कडेला पसरलेला आणि दुसऱ्यात उभा. बस्स. आपलं शरीर एवढ्या फरकावर दोघांना वेगळ्या वाटेनं नेतं. मण्याला मात्र दिशा नसते. तीन मण्यांत दोघं जुळी भावंडं. पाण्यात ग्लुकोजची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं साधारण ३६ आणि ६४ टक्के असतात. मण्यांत तो फरकही बुजतो. वलय खुर्चीच्या आकाराचं असतं, कधी वाकतं. ते वाकणं त्रिकोणात येऊच शकत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी एक कोरा कागद दिला होता आणि म्हणाले होते, काय काय टाकून दिलंस त्याची यादी कर आणि भिंतीवर लाव. मी यादी केली, लावली आणि विसरले. नंतर तिच्यावर कॅलेंडर लागलं.

मणी ठरले की त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा बसवायच्या. त्यासाठी आधी तेच काम अणू-अणूनं करावं लागतं, पण छोट्या प्रमाणावर. मी चार वलयांचा डेक्स्ट्रानचा तुकडा घेतला, साखरेसाठी खास बनवलेलं जॉर्जिया विद्यापीठाचं ग्लायकॅम हे फोर्स फील्ड, म्हणजे अणूंमधली बलं काढायच्या सूत्रांचा संच, लावलं आणि काहीशे नॅनोसेकंद चालवलं. मग प्रत्येक क्षणाला 'इथे मणी असता तर तो कुठे असता' ते काढायचं. मण्यांमधली अंतरं, कोन, पीळ यांचे आलेख काढायचे. शिंप्याकडे मापाचा जुना ब्लाउज द्यावा तसे ते आलेख भरड मॉडेलपुढे ठेवायचे आणि स्प्रिंगेचा ताठरपणा कमीजास्त करत बसायचं, जोवर नवा आलेख जुन्यावर बसत नाही.

अंतरं दोन दिवसांत बसली. कोनांना आठवडा लागला. पिळानं दोन महिने घेतले.

डेक्स्ट्रानमध्ये एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या सहाव्याला जोडलेला असतो. हा सहावा कार्बन वलयाच्या बाहेर लोंबतो, त्यामुळे जोडात फिरायला एक जास्तीची बिजागरी मिळते. कापसातल्या सेल्युलोजमध्ये ती नाही, म्हणून सेल्युलोज पट्टीसारखं ताठ आणि डेक्स्ट्रान ओल्या दोरीसारखं. ही लवचीकता मला हवीच होती. पण लवचीक साखळीत कधीतरी सलग तीन मणी एका सरळ रेषेत येतात आणि मग चार मण्यांतला पीळ नेमका किती, याला उत्तरच उरत नाही. गणितात कुठेतरी शून्याजवळच्या आकड्यानं भागाकार होतो, बल आभाळाला भिडतं आणि सिम्युलेशन फुटतं. मी रात्री जॉब लावून हॉस्टेलवर जायची. सकाळी फोल्डरमध्ये ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरनं मरताना टाकलेल्या 'स्टेप' नावाच्या फायलींचा उकिरडा आणि लॉगमध्ये बंधांची लांबी सांभाळणाऱ्या लिंक्सच्या इशाऱ्यांची रांग. एकदा सव्वातीन मायक्रोसेकंद सुखरूप जाऊन मग फुटलं, तेव्हा मी खरोखर रडले. आधी फुटलं असतं तर चाललं असतं.

यावरचा इलाज ग्रोनिंगेनच्याच लोकांनी २०१३ साली लिहून ठेवला होता. कोन सरळ व्हायला लागला की ऊर्जा इतकी चढवायची की मणी रेषेत येऊच धजणार नाहीत. ग्रोमॅक्समध्ये तो एका आकड्याच्या बदलानं लावता येतो. मला तो सापडायला नऊ आठवडे लागले कारण मी चूक माझ्या आलेखांत शोधत होते. तो आकडा बदलला, पाऊल वीसवरून दहा फेम्टोसेकंदांवर आणलं, आणि साखळी शांतपणे चालायला लागली.

मधेच एकदा पाणी गोठलं. मार्टिनीच्या त्या आवृत्तीतलं पाणी २९० केल्विनच्या आसपास, म्हणजे पुण्यातल्या हिवाळ्यातल्या सकाळी, गोठतं. मोठे एकसारखे मणी नीट रांगेत बसायला टपलेलेच असतात. मी ३००च्या जागी २८० टाइप केलं होतं. सकाळी डब्यात बर्फ आणि त्यात थिजलेली साखळी, फ्रिजमधल्या बर्फात अडकलेल्या माशीसारखी. या मॉडेलमध्ये पाणी गोठू नये म्हणून थोडे जाडे 'अँटिफ्रीझ' मणी मिसळायची सोय आहे, आणि ही सोय लोक इतक्या गंभीरपणे वापरतात की मला अजून हसू येतं.

तर असं सगळं पार करून ती गुठळी आली. माझ्या डोक्यात गोष्ट लगेच तयार झाली. शिळ्या उसात डेक्स्ट्रान होतं, साखळ्या एकमेकींना चिकटतात, त्या गुठळ्यांमुळे रस दाटतो, गाळणी तुंबते. मी एका परिषदेसाठी दोनशे शब्दांचा सारांश लिहून टाकला. सरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गुठळी छान आहे. आणखी कशाची गुठळी होते बघ." मला वाटलं ते नुसतं सावध बोलताहेत. सारांश पाठवला नाही, पण खोडलाही नाही.

मग मार्च आला आणि सगळं बंद झालं. मी एका पिशवीत लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन गावी आले. क्लस्टर पुण्यात चालूच होता. गच्चीवर एका विशिष्ट कोपऱ्यात फोन ठेवला की त्याच्या हॉटस्पॉटवरून जेमतेम शिरता यायचं. चित्र उतरवायला अर्धा तास लागायचा. कारखान्याचा हंगाम आटोपला होता, अण्णा घरीच होते आणि त्यांना करायला काही नव्हतं. एका संध्याकाळी ते गच्चीवर आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "दाव की तुझं डेक्स्ट्रान."

मी दाखवलं. आधी सुट्या साखळ्या, मग गोळा. निळे मणी, लाल मणी. त्यांनी दोनदा बघितलं.

"हे पाण्यातलं हाय?"

"हो. नुसत्या पाण्यातलं."

"मग हे आमचं न्हवं," अण्णा म्हणाले. "आगं, गोळा झाला असता तर सोपं होतं की. तळाशी बसला असता, जाळीत अडकला असता, काढून टाकला असता. ते पाण्यात विरघळतंय म्हणून तर सगळ्या घरात शिरतंय. रसात हाय, पाकात हाय, मळीत हाय. हातात धरलं तर तार येती, गुठळी न्हाई येत."

मला राग आला. मग आठवलं की डेक्स्ट्रान रक्तस्राव झालेल्या रोग्याला शिरेतून देतात, रक्तातला द्रव भरून काढायला. गुठळ्या करणारी गोष्ट कुणी शिरेत सोडेल का? हे मी स्वतःच माझ्या प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं.

त्या रात्री मी सरांचं वाक्य पुन्हा ऐकलं. आणखी कशाची गुठळी होते बघ. साखळी सोडून दिली आणि साधं ग्लुकोज घेतलं, कारण ग्लुकोज पाण्यात कसं वागतं हे शंभर वर्षं मोजलेलं आहे. मोजायचं काय, तर परासरण दाब. डब्याच्या मधल्या भागात साखर कोंडायची, दोन बाजूंना नुसतं पाणी. मधे अशी भिंत की जी पाण्याला दिसतच नाही, फक्त साखरेला अडवते. भिंतीवर साखर किती जोरानं धडकते त्याची सरासरी भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. एका लिटरला एक मोल ग्लुकोज, खोलीच्या तापमानाला, आदर्श द्रावण असतं तर २५ बारच्या जवळ. खरं ग्लुकोज आदर्शापेक्षा थोडं जास्तच दाब देतं, कारण रेणू जागा अडवतात. शाळेत बटाट्याच्या फोडीवर मीठ घालून जे शिकलो तेच हे, फक्त फोड नाही आणि बटाटाही नाही.

गच्चीवरच्या कोपऱ्यातून चार दिवस लागले. आकडा आला तो असायला हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी. भिंतीवर धडकण्यापेक्षा माझं ग्लुकोज एकमेकांत गप्पा मारत होतं. साखळीतल्या एका वलयाचा चिकटपणा वीसपट केला, त्यावर आठ साखळ्या घेतल्या, तर काय होणार? गोळा होणार. मी उसाच्या रसाबद्दल काहीच शोधलं नव्हतं. मॉडेलचा एक दोष मोठ्या अक्षरांत छापून काढला होता.

आणि तो दोष नवाही नव्हता. प्रथिनांच्या बाबतीत २०१३ सालीच लोकांनी दाखवलं होतं की मार्टिनी त्यांना गरजेपेक्षा जास्त चिकटवतं. पॉलिसॅकराइडांबद्दल, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांबद्दल, २०१७ साली स्वतंत्र लेख आला होता आणि तो माझ्या लॅपटॉपवर होता, उतरवलेला, न उघडलेला. फायलीची तारीख लॉकडाउनच्या सात महिने आधीची.

कारण समजून घेताना मात्र मजा आली, आणि इथे थोडं थांबते. मार्टिनीचा साधा मणी साधारण ०.४७ नॅनोमीटरचा. एका मण्याचं दुसऱ्याशी आकर्षण किती असावं हे सुट्या द्रवांवरून ठरवलेलं, म्हणजे मणी एकमेकांपासून आपापल्या आकाराएवढे दूर आहेत असं धरून. पण साखरेच्या त्रिकोणात तेच मणी स्प्रिंगेनं याहून जवळ खेचलेले असतात, एकमेकांत घुसलेले. म्हणजे थोड्या जागेत आकर्षणाची केंद्रं जास्त दाटली. एसटीत दोघांच्या बाकावर चौघं बसावेत आणि प्रत्येकानं पूर्ण तिकिटाचा हक्क सांगावा, तसं. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या साखरेला ती दाटी ओढून घेते. यात कुणाची लबाडी नाही. चार अणूंचा एक मणी आणि सगळे मणी एकाच मापाचे, या दोन सोयींची ही किंमत होती.

सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग अणू-अणूचं मॉडेल लाव आणि बघ तेच बरोबर येतंय का." मी लावलं, छोट्या डब्यात. ग्लायकॅम आणि त्याच्या नेहमीच्या जोडीचं पाण्याचं मॉडेल घेऊन. तिथेही दाब कमीच आला. इतका वाईट नाही, पण कमी. नंतर वाचलं की हेही माहीत होतं, जर्मनीतल्या संशोधकांनी त्याची दुरुस्ती सुचवलेली होती. म्हणजे ज्या मापाच्या ब्लाउजवरून मी बेतत होते तोच एका बाजूनं सैल. सुदैवानं आकार, कोन, पीळ यांवर त्याचा फारसा परिणाम नव्हता. पण बारीक ते खरं आणि भरड ते खोटं, हा माझा समज त्या आठवड्यात गेला.

मग दुरुस्ती. साखरेच्या मण्यांमधलं आकर्षण एका ठरावीक पायरीपर्यंत तसंच ठेवायचं आणि त्यावरचा भाग एका गुणकानं कापायचा. गुणक एकच. तो बदलत जायचं, दर वेळी दाब मोजायचा. डाळीत मीठ घालत चाखण्यासारखं हे काम, फक्त एक चमचा चाखायला दीड दिवस. ऑक्टोबरपर्यंत ग्लुकोज जागेवर आलं. त्याच गुणकानं आठ साखळ्या पुन्हा सोडल्या आणि त्या आल्या, भेटल्या, सुटल्या, पुन्हा भेटल्या. गोळा नाही. मी ते चित्र अण्णांना पाठवलं. उत्तरात अंगठा आला.

पण ठिगळ ते ठिगळच. साखर-साखर आकर्षण कमी केलं, साखर-प्रथिन तसंच राहिलं. मला पुढे साखळी विणणारं जिवाणूचं तेच विकर डेक्स्ट्रानसोबत ठेवायचं होतं, आणि विकर म्हणजे प्रथिन. तिथे कोणता गुणक? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि जे लेख वाचले त्यांतही प्रत्येकाचं ठिगळ वेगळ्या रंगाचं.

२०२१च्या वसंतात मार्टिनीची तिसरी आवृत्ती छापून आली. मूळ आकाराच्या मण्यांबरोबर लहान आणि चिमुकले मणी, तिन्हींची आपसातली बलं नव्यानं तोललेली. जवळ बांधलेल्या अणूंसाठी आता आखूड मणी वापरता येणार होते. शर्करांचं प्रकरण २०२२ साली आलं. त्यात वलय तीन मण्यांचंच, पण मधोमध एक वजन नसलेला आभासी बिंदू, वलयाच्या सपाट पोटाला जी पाण्यापेक्षा तेलाची ओढ असते ती दाखवायला. परासरण दाब मोजून जुळवलेला. आणि कसोटीला त्यांनी घेतलेली जोडी बघून मी पुन्हा खुर्चीत गिरकी घेतली, या वेळी वेगळ्या भावनेनं: डेक्स्ट्रान आणि सेल्युलोज. एक पाण्यात विरघळतं, दुसरं नाही, दोन्ही नुसत्या ग्लुकोजच्या साखळ्या, आणि मॉडेल तो फरक ओळखतं.

म्हणजे माझं ठिगळ दीड वर्षात शिळं झालं होतं. दोन दिवस मी लॅबमध्ये गेले नाही. तिसऱ्या दिवशी जुने आलेख उघडले आणि नव्या मण्यांवर पुन्हा सगळं बसवायला घेतलं. अंतरं, कोन, पीळ. या वेळी पाच आठवडे. सरळ कोनाचा सापळा तसाच होता, पण आता मला त्याचा पत्ता माहीत होता. दाबाची कसोटी सगळ्यात आधी घेतली, साखळी नंतर. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं तर खाली ती यादी होती, पिवळी पडलेली. तिसऱ्या ओळीत माझ्याच अक्षरात: 'मण्यांचा आकार — जवळच्या अणूंना चालेल का?' प्रश्नचिन्हासकट.

यंदा अण्णा निवृत्त झाले. शेवटच्या हंगामात एक दिवस रस फार खराब होता, तेव्हा त्यांनी कागदाच्या पुडीत थोडी साखर माझ्यासाठी काढून ठेवली होती. गावी गेले तेव्हा दिली. दाणे सुईसारखे लांबट. मी त्यांना स्क्रीनवर नवीन साखळ्या दाखवल्या, पाण्यात आरामात पोहणाऱ्या. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "ह्याची तार किती निघंल?"

म्हणजे चिकटपणा, आकड्यात. भरड मॉडेलचं घड्याळ खरं नसतं. खडबडीत वाट गुळगुळीत केल्यावर सगळंच वेगानं घसरतं. जुन्या मार्टिनीत तर वेळेला सरसकट चारनं गुणायची पद्धत होती, आणि तो गुणक पाण्याच्या वेगावरून काढलेला, डेक्स्ट्रानच्या नाही. त्यामुळे तारेबद्दल मी काही सांगू शकत नाही असं म्हणाले. "बरं," अण्णा म्हणाले. "मग दाणा लांबट का होतोय ते तरी?"

तेही तीन मण्यांत मावत नाही. डेक्स्ट्रान साखरेच्या स्फटिकाच्या काही बाजूंवर बसतं, त्यांची वाढ अडवतं आणि दाणा एकाच दिशेला ताणला जातो, इथपर्यंत पुस्तकात आहे. पण कोणत्या बाजूवर ते कसं धरून बसतं हे बघायला त्या बाजूवरचे हायड्रॉक्सिल गट कुठे तोंड करून आहेत ते दिसायला हवं, आणि दिशा तर आपण पहिल्याच दिवशी टाकून दिल्या. यादीतली पहिली ओळ.

म्हणून सध्या उलटा प्रवास चालू आहे. भरड मॉडेलमध्ये साखळ्यांना पाण्यात हवे तसे आकार घेऊ द्यायचे, त्यांतले काही उचलायचे, मण्यांच्या जागी पुन्हा अणू भरायचे आणि मग सुक्रोजच्या स्फटिकाजवळ नेऊन ठेवायचे. साठ हजार अणू, दोन फेम्टोसेकंदांचं पाऊल. स्फटिकाची एक बाजू झाली, दुसरी काल रात्री लावली. सकाळी पाहिलं तर जॉब अजून रांगेत, पुढे एकोणीस जण.